पाणघोड्याचा ‘आ’ आणि आमची समिती

लहान मुलाचं तोंड निसर्गतः उघडं असतं आणि दातांचा डॉक्टर दिसताच ते मिटतं, या सत्यावर आमचा संपूर्ण बालदंत विभाग उभा आहे. एरवी मुलाचं तोंड केव्हा बंद असतं? रडताना उघडं, जेवताना उघडं, टीव्हीसमोर उघडं, झोपेत उघडं, आणि पाहुण्यांसमोर घरातली भानगड सांगताना तर मिटता मिटत नाही. पण तेच मूल आमच्या खुर्चीत बसलं की ओठ असे आवळून घेतं, की आत देशाची सगळी गुपितं ठेवली असावीत. आमच्या पाहणीनुसार दहापैकी साडेनऊ मुलं असं करतात. (उरलेलं अर्धं मूल तोंड उघडतं, पण ते चावण्यासाठी.)

मी या विभागाचा प्रशासन अधिकारी. मी दात कुणाचेच बघत नाही. ते डॉक्टर बघतात. डॉक्टर ते नियमाप्रमाणे बघतात की नाही, हे मी बघतो. रुग्णालयाच्या कारभारात दोन्ही कामं सारख्याच महत्त्वाची आहेत, असं आमच्याकडे मानलं जातं. निदान माझ्या टेबलावर तरी.

पाणघोडा येण्यापूर्वी आमच्याकडे मुलांचं तोंड उघडण्याच्या काही मान्य पद्धती होत्या. पहिली आईची. आई मुलाच्या कानाशी वाकून सांगायची, “बाळा, डॉक्टर काही करणार नाहीत, नुसतं बघणार आहेत.” हे वाक्य आमच्या विभागात इतक्यांदा उच्चारलं गेलं आहे, की वर्षभराच्या मुलालाही त्याचा खरा अर्थ ठाऊक झाला होता. दुसरी पद्धत बापाची. ती घड्याळाकडे बघत, “उघडतोस की नाही?” या प्रश्नाने सुरू व्हायची आणि बाप स्वतः बाहेर जाऊन उभा राहण्याने संपायची. तिसरी पद्धत विभागाची. तिच्यात सिस्टर पाय धरत, मदतनीस हात धरत, आई डोकं धरत असे आणि डॉक्टर जीव मुठीत धरत. या पद्धतीत तोंड हमखास उघडायचं, परंतु त्यातून येणारा आवाज वरच्या मजल्यावरच्या लेखा विभागापर्यंत जात असे आणि तिथल्या बेरजा चुकत. (त्या आवाजाच्या आधीही चुकत होत्या, पण तेव्हा कारण सापडत नव्हतं.)

आमच्या डॉक्टरबाई तरुण आहेत. मुलं त्यांना ताई म्हणतात, म्हणून पालकही ताई म्हणतात, आणि पालकांच्या नादाने मीही एकदा म्हणून गेलो होतो. मी ते लगेच मागे घेतलं. बाई कामाला वाघ आहेत, पण त्यांच्यात एक मोठा दोष आहे. समोरचं मूल रडलं की त्यांचाही चेहरा पडतो. एकदा तिसरी पद्धत वापरून झाल्यावर मी त्यांना सामानाच्या खोलीत कापसाच्या पेट्यांकडे तोंड करून उभं असलेलं पाहिलं. मी विचारलं, “काही हवंय का?” त्या म्हणाल्या, “नाही, कापूस मोजतेय.” कापूस मोजायची आमच्याकडे पद्धत नाही, परंतु मी त्यांच्या कर्तव्यदक्षतेची मनातल्या मनात नोंद घेतली.

त्या सुमाराला मुलांचा एक कार्टून सिनेमा आला. त्यात पाणघोड्याचं एक पिल्लू असतं. कळपातली मोठी मंडळी त्याला सारखं बजावत असतात, की चारचौघांत एवढा जबडा उघडू नये, बरं दिसत नाही. पिल्लू बिचारं ओठ मिटून वाढतं. मग नदीला पूर येतो, रानातले बारके प्राणी वाहून जायला लागतात, आणि हे पिल्लू भलामोठा आ वासून एकेकाला आत बसवून घेतं. (पाणघोड्याच्या तोंडातून प्रवास करणं कितपत सुरक्षित आहे, याची सिनेमावाल्यांनी शहानिशा केलेली दिसत नाही.) हे करताना ते गातं. गाणं असं :

आऽऽ! आत आलं आभाळ,
आऽऽ! आत आली सकाळ,
आऽऽ! आत आला गाव सारा,
आणखी थोडी जागा करा!

साहित्य म्हणून यात काही दम नाही, हे कुणीही जाणकार सांगेल. पण मुलांमध्ये जाणकार कमी. त्यांनी हे गाणं असं उचललं, की घराघरांत, जिन्याजिन्यांत, शाळेच्या बसमध्ये सगळीकडे सगळे आ वासून हिंडायला लागले. मुलांनी गाण्यात एक सुधारणाही केली. तिसऱ्या ओळीतले ‘गाव सारा’ हे दोन शब्द त्यांना एकच ऐकू आले. त्यामुळे तमाम मुलं “आत आला गवसारा” असं म्हणू लागली. आता गवसारा म्हणजे काय? मोठ्यांनी विचारलं, तर मुलांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. गवसारा हा एक प्राणी असतो. तो मऊ असतो, कानांच्या जागी त्याला शेपट्या असतात आणि तो कुठेही मावतो. सिनेमात तो दाखवलेला नाही, कारण तो लाजाळू आहे. या बाबतीत शहरातल्या सगळ्या मुलांचं एकमत होतं. इतकं एकमत आमच्या रुग्णालयात जेवणाच्या सुट्टीच्या वेळेबाबतही झालेलं नाही.

एक दिवस बाहेरच्या बाकावर बसलेली एक मुलगी हे गाणं म्हणत होती. ती आत आली तरी तिचं गाणं थांबलं नाही, कारण कडवं अर्धं राहिलं होतं. डॉक्टरबाई हातात आरसा घेऊन उभ्या होत्या. पहिल्या ‘आऽऽ’ला त्यांनी खालच्या दाढा बघितल्या, दुसऱ्याला वरच्या बघितल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत कीड सापडली आणि गाणं संपेपर्यंत तपासणीही संपली. मुलीने विचारलं, “झालं? मग आई रडत का होती?”

बाईंनी त्याच दिवशी घरी जाऊन गाणं पाठ केलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खोलीत सूर लागू लागला. सिस्टरबाईंचा आवाज मुळात भसाडा, पण पाणघोड्याला तो शोभून दिसे. खोलीतून ‘आऽऽ’ आलं की बाहेरच्या बाकांवरून उत्तर येई. बाप लोक, ज्यांनी चारचौघांत कधी जांभईसुद्धा दिली नव्हती, ते मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करून शेवटची ओळ गुणगुणू लागले. सुई टोचायची असली तर बाई तिसऱ्या ओळीची वाट बघत, कारण त्या ओळीतला ‘आ’ सर्वांत मोठा होता. गवसाऱ्याला पुष्कळ जागा लागते, असं मुलांचं म्हणणं होतं.

मुलं रडेनात. लेखा विभागातल्या बेरजा चुकायला कारण उरलं नाही. दात धडधाकट असलेली मुलंही यायचा हट्ट धरू लागली. इथवर सगळं ठीक होतं. पण रांग जेवणाच्या सुट्टीआधीच संपायला लागली आणि मग मात्र मला लक्ष घालावं लागलं. जी गोष्ट नियमात नसताना यशस्वी होते, तिला आमच्याकडे अनियमितता म्हणतात. आणि त्यातच शेजारच्या प्रौढ विभागातून एका गृहस्थांनी तक्रार केली, की लहान मुलांना गाणं आणि आम्हाला नुसताच चिमटा, हा भेदभाव आहे.

मी विषय अधीक्षक साहेबांपुढे ठेवला. आमचे अधीक्षक साहेब रसिक आहेत. ते स्वतः कविता करतात आणि निरोप समारंभात वाचतात. (आमच्याकडे मुदतीआधी निवृत्त होणाऱ्यांची संख्या कमी आहे, त्याचं हेही एक कारण असावं.) त्यांनी ताबडतोब समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. संगीततज्ज्ञ म्हणून त्यांचे साडू, जे बँडमध्ये मोठा ढोल वाजवत. भाषातज्ज्ञ म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. सचिव मी. डॉक्टरबाईंना खास निमंत्रण होतं. त्यांना दाराजवळची खुर्ची दिली होती, म्हणजे बोलावणं आलं तर उठून जाता येईल.

समितीने गाणं शांतपणे ऐकलं आणि आक्षेप नोंदवले. गाण्यातला नायक आभाळ, सकाळ आणि आख्खा गाव गिळतो. यातून मुलांमध्ये खादाडपणा वाढू शकतो. गिळल्यानंतर तो दात घासत नाही. गाण्यात ब्रशचा उल्लेख नाही, मोठ्या माणसांचा आदर नाही, आणि उपदेश तर औषधालाही नाही. साडूंनी सांगितलं, की चाल फार लवकर पाठ होते, हे हलक्या चालीचं लक्षण आहे. मुख्याध्यापक मात्र गवसाऱ्यावर अडून बसले.

“हा शब्द कुठल्याही कोशात नाही,” ते म्हणाले.

“मुलांच्या बोलण्यात आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“मुलांच्या बोलण्यात काय वाटेल ते असतं, बाई! उद्या ती उजेडाला अंधार म्हणतील.”

“साधारण कसा असतो हो तो?” साडूंनी हळूच विचारलं.

“मऊ असतो म्हणतात. कानांच्या जागी शेपट्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“दोन?”

“हा समितीचा विषय नाही!” अधीक्षक साहेबांनी टेबलावर हात आपटला. पण नंतर चहा घेताना त्यांनीही मला विचारलं, की दोनच ना?

समितीने जुनं गाणं बंद करून नवं, संस्कारक्षम गाणं लागू करायचं ठरवलं. ते कुणी लिहावं यावर फार चर्चा झाली नाही. साहेबांच्या खिशात ते तयारच होतं :

मम मुख मंदिर, मम मुख मंदिर,
प्रतिप्रभाती परम पवित्र!
मंजन माझा परमप्रिय मित्र,
मम मुख मंदिर, मम मुख मंदिर!

मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले. साडूंनी टेबलावर ठेका धरला, तेव्हा पाण्याचा पेला खाली पडला. डॉक्टरबाई मात्र पुटपुटत ओठांवर बोट ठेवून काहीतरी तपासत होत्या.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “गाणं छान आहे. पण ‘म’ म्हणताना ओठ मिटतात. ‘प’ म्हणतानाही मिटतात.”

“बरं मग?”

“यात सगळे ‘म’ आणि ‘प’च आहेत.”

“मिटले तर मिटू द्या. पुढच्या अक्षराला उघडतीलच की!”

“उघडतात ना. पण तेवढ्यात माझं बोट आत असतं.”

साहेब म्हणाले, “मुलांना बोटाचा आदर करायला शिकवा.” हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते ठरावात घातलं.

नवं गाणं लागू झालं. ते उभं राहून, हात सरळ ठेवून, पालकांसह म्हणायचं आणि मगच खुर्चीत बसायचं, अशी पद्धत ठरली. पाणघोड्याचं गाणं विभागाच्या आवारात म्हणायला, वाजवायला आणि गुणगुणायला बंदी करण्यात आली. (गुणगुणणं कसं ओळखायचं, याबद्दल सिस्टरबाईंनी शंका काढली. संशयित व्यक्तीचं डोकं हलत असल्यास ते गुणगुणणं समजावं, असा खुलासा मी दिला. त्यामुळे मान डोलवत बसणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही बाहेर काढलं. त्यांची मान मुळातच तशी होती, असं मागाहून कळलं.)

सुरुवातीलाच एका बालकाने ‘परम’मधल्या ‘म’ला डॉक्टरबाईंचं बोट चावलं. बाईंनी पट्टी बांधली आणि काम सुरू ठेवलं. मी त्यांना नियमानुसार विचारणा केली, की बोट त्या अक्षराच्या वेळी तिथे का होतं? त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं. बाकांवरची मुलं पुन्हा रडू लागली, आया पुन्हा कानाशी वाकून तेच जुनं वाक्य सांगू लागल्या, बाप पुन्हा बाहेर जाऊन उभे राहू लागले. थोडक्यात, विभागाचं कामकाज पूर्वपदावर आलं आणि माझ्या जिवात जीव आला.

वरिष्ठ कार्यालयातून एक निरीक्षक आमचा उपक्रम बघायला आले, त्या सकाळची ही हकिगत आहे.

निरीक्षक, अधीक्षक साहेब, साडू आणि मी असे आम्ही डॉक्टरबाईंच्या खोलीत उभे होतो. तेवढ्यात एक मुलगी आली. सहाएक वर्षांची असेल. उजवा गाल इतका सुजलेला, की डोळा बारीक झाला होता. अंगात ताप. तिला तिच्या मावशींनी आणलं होतं. मावशी बसमध्ये कंडक्टर, गणवेशातच आल्या होत्या. ही मुलगी आमच्याकडे आधीही येऊन गेली होती आणि दर वेळी तोंड न उघडता परत गेली होती. स्टाफमध्ये तिला ‘कुलूप’ म्हणत.

“कालपासून पाणीसुद्धा नळीनं पितेय,” मावशी म्हणाल्या. “तिची आई कामाला परगावी आहे. तिला फोनवर काय सांगू? ताई, आज काही करा पण हे सोडवा.”

बाईंनी बाहेरूनच गालाला हात लावून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. त्या मावशींना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “दाढेखाली पू झालाय आणि सूज डोळ्याकडे चाललीय. आजच काढायला हवं. हिनं तोंड उघडलं नाही तर मोठ्या रुग्णालयात पाठवून पूर्ण भूल द्यावी लागेल, आणि एवढ्या तापात मला त्याची भीती वाटते. धरून केलं आणि ही हिसडली, तर आणखी वाईट.”

“सुरू करा,” अधीक्षक साहेब प्रसन्नपणे म्हणाले. त्यांनी फक्त ‘सुरू करा’ म्हणायचं तेवढं लक्षात ठेवलं होतं.

कुलूप उभी राहिली. हात सरळ ठेवले. आणि तिने ‘मम मुख मंदिर’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. ओठ एकदाही न उघडता! नुसतं “म्म म्म म्म म्म” करत, नाकातून, अगदी सुरात. कुठेही चुकली नाही. साडूंनी मान डोलावली. निरीक्षक खूश होऊन म्हणाले, “वा! काय शिस्त आहे! इतर ठिकाणी मुलं फार तोंड वासतात.” साहेबांची छाती फुगली. माझीही फुगली, कारण ठराव माझ्या हातचा होता.

मग ती खुर्चीत बसली. बाईंनी विनवलं. मावशींनी विनवलं. सिस्टरबाईंनी नाचून दाखवलं. ओठ ढिम्म हलले नाहीत. सुजलेल्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पोर एक अक्षर न बोलता छताकडे बघत होती. मदतनीस हात धरायला पुढे झाला.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. आणि निरीक्षकांच्या समोर, अधीक्षकांच्या समोर, बंदीचा फलक भिंतीवर असताना त्या गाऊ लागल्या. आवाज चांगला होता म्हणवत नाही. पण मोठा होता.

“आऽऽ! आत आलं आभाळ, आऽऽ! आत आली सकाळ…”

कुलूप त्यांच्याकडे वळली. ओठ बंदच.

“आऽऽ! आत आला गाव… सारा…” बाईंनी दोन्ही शब्द वेगवेगळे, खणखणीत, मुख्याध्यापकांना हवे होते तसे उच्चारले.

मुलीच्या कपाळाला आठी पडली. बाईंनी ती ओळ पुन्हा म्हटली, त्याहून शुद्ध. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा त्या पोरीला ते सहन होईना.

“गाव सारा नाही हो, ताई! गवसारा! आऽऽत आला गवसारा!”

“कसा म्हणायचा? मला जमत नाहीये. तू म्हणून दाखव.”

“आऽऽऽ…”

पुढचं सगळं झटपट झालं. मावशींनी सूर उचलला. त्या दिवसभर बसमध्ये ओरडणाऱ्या बाई, त्यांनी “आणखी थोडी जागा करा!” म्हटलं आणि खोलीतले आम्ही सगळे नकळत एकेक पाऊल मागे सरकलो. निरीक्षकही सरकले. सिस्टरबाई सुटल्या. बाहेरचे बाक सुटले. सुई गेली ती तिसऱ्या ओळीला. दाढ बधिर होईपर्यंत सगळ्यांनी गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं. साडू मोकळ्या ट्रेवर ठेका देत होते. साहेबांनी त्यांच्याकडे रागाने बघितलं, पण ठेका हलक्या दर्जाचा नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे. मग एका लांबलचक ‘आ’ला चिमटा आत गेला आणि दुधाची ती किडकी दाढ बाहेर आली. पाठोपाठ सगळी घाण. मुलगी एकदा किंचाळली, मावशीच्या गणवेशाला बिलगली आणि थोड्या वेळाने चूळ भरून बोबड्या आवाजात विचारू लागली, “तो चावत होता का?”

“कोण?”

“गवसारा. आत.”

“छे गं,” बाई म्हणाल्या. “तो तर बिचारा अडकून बसला होता. तू त्याला जागा करून दिलीस.”

मावशींनी बाईंचा पट्टी बांधलेला हात दोन्ही हातांत धरला आणि नुसत्याच हलवत राहिल्या. नंतर खोली रिकामी झाल्यावर मी आत डोकावलो, तर बाई खुर्चीच्या पायरीवर बसून गटागटा पाणी पीत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मीही त्यांना उठा म्हटलं नाही. असं का केलं, याचा खुलासा माझ्याजवळ नाही. (त्या गोंधळात शेवटच्या ओळीच्या वेळी माझं डोकं हलत होतं, असं सिस्टरबाई म्हणतात. पुरावा नाही.)

ताप दोन दिवसांत उतरला. सूजही गेली. निरीक्षकांच्या अहवालात आमच्या विभागाचं भरभरून कौतुक आलं. एका अवघड बालरुग्णावर संस्कारक्षम गीताच्या साहाय्याने यशस्वी उपचार झाल्याचं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. उपचार चालू असताना काही अनधिकृत आवाज आले, परंतु गीताच्या प्रभावामुळे त्यांचा अडथळा झाला नाही, असंही त्यांनी आवर्जून लिहिलं होतं. साहेबांना मानपत्र मिळालं. डॉक्टरबाईंना बंदीचा भंग केल्याबद्दल समज देण्यात आली आणि त्यांची बदली कवळी विभागात झाली. तिथे सगळे रुग्ण म्हातारे असतात. त्यांच्या तोंडात गाऊन काढण्यासारखं काही शिल्लकच नसतं, त्यामुळे गाण्याचा गैरवापर होण्याची शक्यता नाही, असा विचार होता.

विचार बरोबर होता, परंतु पालक बदमाश निघाले. सोबत एखादे आजोबा असले की कवळी विभागात शिरता येतं, हे त्यांनी शोधून काढलं. ज्यांचे स्वतःचे आजोबा नव्हते त्यांनी शेजारचे आणले. आता त्या विभागात सकाळी गेलात, तर खुर्चीत मूल असतं आणि बाकांवर आजोबांची रांग बोळकं उघडून ‘आऽऽ’ करत असते. मान हलणारे ते गृहस्थही तिथे रोज येतात. त्यांना कवळी नको आहे.

इकडे बालदंत विभागातली गर्दी झपाट्याने ओसरली. ज्याअर्थी मुलं येत नाहीत, त्याअर्थी त्यांचे दात सुधारले. ज्याअर्थी दात सुधारले, त्याअर्थी गीत प्रभावी आहे. हे वरिष्ठ कार्यालयालाही पटलं आणि गीत सगळ्या रुग्णालयांना व शाळांना लागू झालं.

लोकार्पणाचा सोहळा मोठा देखणा झाला. साहेबांनी स्वतः गीत म्हटलं, साडूंनी ढोल वाजवला, आणि पालक मंडळींनी उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. मी व्यासपीठाच्या कोपऱ्यातून बघत होतो. तिसऱ्या रांगेत तुम्ही होता. तुमच्या शेजारचं मूल तुमची बाही ओढून काहीतरी विचारत होतं, बहुधा पाणघोडा कधी येणार म्हणून. तुम्ही त्याच्याकडे न बघताच म्हणालात, “गप्प बस. टाळ्या वाजव. छान आहे गाणं.”

त्याने वाजवल्या. ओठ घट्ट मिटून. फार गुणी मूल आहे तुमचं. समितीच्या वतीने अभिनंदन.